पाहुण्यांपुढे फळी मांडावी काय?

पाहुणा दारी आला की त्याच्यापुढे काय व कसे ठेवावे, ही काळजी गृहिणीस नेहमीचीच. अलीकडे तीत एका नव्या टुमेची भर पडली आहे. टेबलाच्या मधोमध मोठी लाकडी फळी ठेवावयाची, तिच्यावर चीज, मांसाचे थंड काप, बिस्किटे, द्राक्षे व सुकामेवा दाटीने रचावयाचा, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने उचलून खावयाचे. मोबाइलवरील छायाचित्रांतून ही फळी खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. फेस्ताला किंवा नाताळात ती आपणही मांडावी काय, याचा थोडा विचार करू.

या प्रकारास फ्रेंच भाषेतील ‘शार्क्युटरी’ हे नाव चिकटले आहे. शब्दाचा मूळ अर्थ शिजविलेले मांस. डुकराचे मांस मिठात मुरवून, धुरी देऊन, वाळवून टिकविण्याची ती कला होय. त्यांतील पुष्कळसे काप तसेच खाण्याजोगे तयार केलेले असतात. आपला गोव्याचा चोरीस दिसावयास त्यांचाच भाऊबंद. परंतु मसाला व व्हिनेगर लावून वाळविलेले ते मांस कच्चेच असते. शिजविल्यावाचून तो फळीवर कधीही ठेवू नये.

दुसरी गोष्ट हवेची. शिजविलेले अन्न नेहमीच्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक वेळ उघडे ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांत सांगितले आहे; कारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या दरम्यान रोगजंतू झपाट्याने वाढतात. उष्मा 32 अंशांवर गेला, तर अमेरिकेचे कृषिखाते ही मुदत एका तासावर आणते. आपल्याकडे मे महिन्यातील दुपार कशी असते, हे निराळे सांगावयास नको. छायाचित्रासाठी सकाळीच रचलेली फळी दुपारपर्यंत शोभिवंत दिसेल, पण निर्धोक राहीलच असे नाही.

एकाच पात्रात जेवणे मुळीच वाईट नव्हे. बडोद्यासारख्या शहरांतील दाऊदी बोहरा कुटुंबांत आठ-आठ माणसे एका मोठ्या थाळाभोवती बसतात. पण तेथे आधी सर्वांचे हात धुतले जातात, मिठाची चिमूट घेऊन सर्वजण एकदमच आरंभ करतात, आणि पदार्थ एकामागून एक ताजे येतात. त्या रीतीत शिस्त आहे. फळीभोवती मात्र कोणी आत्ता येतो, कोणी तासाने. कोणाचा हात धुतलेला, कोणाचा नाही.

आणखी एक अडचण आमच्या मते सर्वांत मोठी आहे. आपल्या सणाला शेजारचे शाकाहारी कुटुंब आवर्जून येते. मांसाच्या कापाला टेकलेले द्राक्ष किंवा त्याच सुरीने कापलेले चीज ते कसे घेतील? ते काही बोलणार नाहीत. पाणी पिऊन, हसून निरोप घेतील. अन्नाने भरलेल्या घरातून पाहुणा उपाशी जावा, याहून यजमानास उणेपणा तो कोणता?

तरीही फळीचा एक गुण मान्य केला पाहिजे: घरची बाई चुलीपाशी अडकून न पडता पाहुण्यांत बसू शकते. म्हणून आमची सूचना अशी. फळीवर कोरडे पदार्थच मांडावे: नेवऱ्या, कुलकुल, शंकरपाळे, केळ्याचे वेफर्स, भाजलेले काजू. चटण्या वाट्यांत, प्रत्येकीस निराळा चमचा. थोडे मांडावे, संपेल तसे भरावे. मांसाचे पदार्थ गरम करून दुसऱ्या ताटातून आयत्या वेळी आणावे. शाकाहारी पाहुण्यांचे ताट प्रथमपासून वेगळे असावे. तान्ह्या मुलांस अखंड काजू-शेंगदाणे देऊ नयेत. वर्षाच्या आतील बाळास मधही नको. चिरा पडलेली फळी वापरू नये; चांगली फळी साबणाने धुऊन, उभी करून पूर्ण वाळवावी.

एवढे करूनही वाढण्याचे काम संपले असे समजू नये. फळीवरून धीट माणूस पोटभर खातो; कोपऱ्यातील खुर्चीवर बसलेल्या आजीबाई किंवा प्रथमच आलेली लाजरी सून हात पुढे करीत नाही. त्यांच्यासाठी बशी भरून यजमानीणबाईंनी स्वतः नेऊन द्यावी आणि आणखी घेण्याचा दोनदा तरी आग्रह करावा.