शंका आणि नोंदवही

अंबरनाथ, बदलापूर वा उल्हासनगरच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात रुजू झालेल्या तरुणीस प्रथम एकच शंका छळते: आपण व्यवस्थापनाच्या की कामगारांच्या? दोहोंकडून संशय वाट्यास येतो आणि स्वतःवरील विश्वास डळमळतो. हा पेच तिच्या एकटीचा नव्हे, त्या पदाचाच आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमातील कलम 49 अन्वये 500 वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. 2020 च्या संहितेने ती मर्यादा 250 वर आणली. जादा कामाची मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते, हे जिला ठाऊक आहे आणि जी नोंदवही उघडून फिटरचा थकलेला हिशेब व्यवस्थापकापुढे ठेवते, तिचा आवाज पुढच्या बैठकीत कापत नाही. बढती, अर्थात, सावकाशच येते.