चूक गॅरेजची, बिल गिऱ्हाइकाचं

गॅरेजच्या भिंतीवर दोन पाट्या हमखास असतात. एक उधारी बंद असल्याची, दुसरी 'गाड्या मालकाच्या जबाबदारीवर ठेवाव्यात' अशी. पहिलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसरी मात्र शुद्ध निर्लज्जपणा आहे. गाडीची चावी आमच्या खिशात, गाडी आमच्या रॅम्पवर, पाना आमच्या माणसाच्या हातात आणि जबाबदारी घरी बसलेल्या मालकाची! मी याच धंद्यात आहे, म्हणून तर जास्त चीड येते.

नुसतं ऑइल बदलायला आलेल्या गाडीचं इंजिन काम कसं निघतं, ते सांगतो. चेंबरचा ड्रेन नट किती आवळायचा याचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. पुष्कळ छोट्या गाड्यांना तो 35-40 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे साध्या पान्याला मनगटाचा बेताचा जोर. आमचा मेस्त्री पान्याला पाइप अडकवून अंगाचा सगळा भार टाकतो. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असला की आटे जातात. मग लेथवाल्याकडे पाठवून नवे आटे मारून घ्यावेत की नाही? छे! टेफ्लॉन टेप गुंडाळून तोच नट परत बसवायचा आणि गाडी सोडून द्यायची. पुढे हायवेवर नट ढिला होतो, ऑइल सांडतं, आणि लाल दिवा बघून ड्रायव्हरने गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंगं खरवडून निघालेली असतात. टोचन लावून गाडी त्याच गॅरेजात येते. मेस्त्री गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "साहेब, खालून दगड लागलाय."

टॉर्क पाना काही हजारांत मिळतो. आमच्या गल्लीतल्या गॅरेजांत भिंतीवर टीव्ही आहे, देवघराला रंगीत लायटिंग आहे, टॉर्क पाना नाही. "हाताला अंदाज आहे" हे उत्तर ठरलेलं. त्या अंदाजाने स्पार्क प्लग तिरके चढतात आणि हेड उतरवावं लागतं. एकदाच वापरायचे हेड बोल्ट दुसऱ्यांदा वापरले जातात, पॅकिंग फुटतं, ऑइलमध्ये कूलंट मिसळून त्याचा चहा होतो. बिलावर यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त 'लेबर' असतं.

पुराच्या गाड्यांचं तर विचारूच नका. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली, जुलै 2021 मध्ये चिपळूण. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायची नसते, हे या धंद्यातलं पहिलीतलं गणित. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवायची, प्लग किंवा इंजेक्टर काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं. कष्टाचं, वेळखाऊ काम. त्याऐवजी आमचे तज्ज्ञ म्हणतात, "एक सेल्फ मारून बघू." त्या एका सेल्फमध्ये काही हजारांच्या साफसफाईचं लाखाचं इंजिन काम होतं. वर विम्याची मेख वेगळीच. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं. पण पाणी शिरलेलं इंजिन फिरवल्यामुळे झालेली मोडतोड हे 'परिणामी नुकसान', आणि 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर कंपनी हात वर करते. सर्व्हेअर विचारतो, गाडी कोणी चालू केली? गॅरेजवाला बेधडक सांगतो, "मालकाने."

एप्रिल 2020 पासून नव्या डिझेल गाड्या बीएस-6 आल्या, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर आला. त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं. आमच्याकडे मात्र सगळ्या गाड्यांना एकाच बॅरलमधलं सुटं ऑइल. फिल्टर चोंदला की दोष कंपनीचा, सरकारचा, पंपावरच्या डिझेलचा.

यातला भुर्दंड गिऱ्हाइकाने नाकारलाच, तर तो जातो कुणाच्या माथी? पोऱ्याच्या. ज्याला कुणी शिकवलं नाही, जो मिळेल त्या पान्याने मिळेल ते खोलतो, त्याच्या पगारातून हप्त्याने कापायचा. तो पोऱ्या अनेकदा इतका लहान असतो की कायद्याने त्याला गॅरेजात उभं करणंच गुन्हा आहे. स्टँड न लावता नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली त्यालाच घालतात. गॅरेजमालकाचं काय जातं? गिऱ्हाइकांच्या उभ्या गाड्यांसाठी 'मोटर ट्रेड इंटर्नल रिस्क' नावाची पॉलिसी मिळते, हे आमच्यातल्या कितींना माहीत आहे, कुणी विचारून बघा.

माझे व्यवसायबंधू म्हणतील, गिऱ्हाईकही कमी नाही. खरंय. पंधरा लाखांची गाडी घेऊन येतात, पाचशे रुपये लेबरसाठी अर्धा तास घासाघीस करतात आणि "स्वस्तातला पार्ट टाका" असं स्वतःच्या तोंडाने सांगतात. अशांना अधूनमधून अद्दल घडली तर मला फार वाईट वाटत नाही. पण कमी पैशात काम घेतलं म्हणून आटे मोडायचा परवाना मिळत नाही. परवडत नसेल तर गाडी कामाला घेऊ नका.

आता त्या पाटीबद्दल. 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 सांगतं की ताब्यात दिलेली वस्तू शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तशी जपली पाहिजे. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून 1998 साली चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापून स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही. प्रकरण हॉटेलचं होतं. पण जे पंचतारांकित हॉटेलला जमलं नाही, ते गॅरेजच्या पत्र्यावरच्या ऑइलपेंटला कसं जमेल?

तेव्हा गिऱ्हाइकांनो, गाडी सोडताना जॉब कार्ड लिहून घ्या, किलोमीटरचा आकडा आणि तक्रार त्यावर येऊ द्या. काढलेले जुने पार्ट परत मागा, बिल पक्कं घ्या. आणि 'दगड लागलाय' ऐकलंत, तर दगडाची खूण दाखवायला सांगा. नाही दाखवली, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.