माळ्यावरचा खर्ज

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघर माळा उपसला जातो. पितळेचा गळका बंब, पाळण्याच्या सुट्या कड्या, आजोबांची काठी असे काय काय खाली येते. गृहिणी म्हणते, "टाका एकदाचे." गृहस्थ म्हणतात, "असू दे गं, कधी उपयोगी पडेल." दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने बरोबरच असते, अडचण एवढीच की, समोर काय आले आहे हे दोघांनाही नीट ठाऊक नसते. एरवी या सदरात मी जुने शब्द आणि जुन्या पोथ्या यांच्यापलीकडे फारसा जात नाही. पण सणाचा अंक आहे, तेव्हा आज इंग्लंडातल्या एका माळ्यावर सापडलेल्या वाद्याची हकीकत सांगतो. वाद्य परके असले तरी त्याची पारख करण्याची रीत थेट आमच्या पोथीशास्त्रातली आहे!

हे वाद्य म्हणजे बास गिटार. चार तारांचे, आणि नेहमीच्या गिटारच्या चार जाड तारांहून एक सप्तक खाली बोलणारे. आपल्या भाषेत सांगायचे तर खर्जाचे वाद्य. तंबोऱ्यासारखेच त्याचेही दैव: वाजत असताना कोणी दखल घेत नाही आणि थांबले की सारे गाणे पोरके होते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेली बास गिटार भरीव लाकडाची होती, आणि पुढे तोच प्रकार जगभर रुळला. पण काही कारागिरांनी पोकळ अंगाची वाट धरली. त्यातले सर्वांत नावाजलेले वाद्य म्हणजे हॉफ्नर कंपनीचे '५००/१'.

हे हॉफ्नर मुळात व्हायोलिनवाले. कार्ल हॉफ्नर यांनी १८८७ साली शेनबाख या गावी धंदा सुरू केला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव लुबी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषकांना घरेदारे सोडावी लागली. वाद्ये घडवणारी ही मंडळी बव्हेरियातल्या बुबेनरॉइट या खेड्यात येऊन वसली. घर गेले, गाव गेले, हातातली विद्या तेवढी बरोबर आली. कार्लचे चिरंजीव वाल्टर यांनी १९५५ साली बास गिटार आखायला घेतली, तेव्हा तिला व्हायोलिनचा घाट आला तो यामुळे. पुढच्याच वर्षी फ्रांकफुर्टच्या वाद्यमेळ्यात ती लोकांपुढे ठेवली गेली.

माझा एक जुना विद्यार्थी ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. असेच एक व्हायोलिनच्या आकाराचे वाद्य त्याला विकत मिळत होते. त्याने विचारले, "सर, वर हॉफ्नर नाव आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे अस्सलच ना?" मी म्हटले, "बाबा रे, शेवटी तुकोबांची नाममुद्रा आली म्हणून प्रत्येक अभंग तुकोबांचा ठरतो का?" या घाटाची वाद्ये इटलीत आणि जपानातही निघाली आणि खुद्द हॉफ्नरचे नाव असलेली स्वस्त वाद्ये अलीकडे चीनमध्ये तयार होतात. ती वाईट नव्हेत. ती जुनी नव्हेत, इतकेच.

मग ओळखायचे कसे? पहिली परीक्षा हाताची. अस्सल ५००/१ आतून रिकामे असते, म्हणून ते उचलताच हलके लागते. वरची तबली स्प्रूस लाकडाची, पाठ आणि कडा मेपलच्या. तारेची घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतची बोलती लांबी सुमारे तीस इंच, फेंडरची चौतीस. आवाज घुमारेदार, पण लवकर विरणारा. इथे एक गंमत आहे. व्हायोलिनच्या तबलीवर असतात तशी भोके या पोकळ वाद्याला नाहीत. उलट गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९५३ साली व्हायोलिनच्याच आकाराची बास काढली, ती भरीव. आणि तिच्यावर भोक मात्र रंगाने काढलेले! केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्याने सावध राहावे ते यासाठी.

दुसरी परीक्षा अंगावरच्या खुणांची. पोथीचे अक्षरवळण जसे दर पिढीला बदलते, तशी कारखान्याची सवयही बदलते. हॉफ्नरच्या आरंभीच्या वाद्यांवर बटणांची पट्टी लंबगोल असे, पुढे ती आयताकृती झाली. तारेचा कंप टिपणारे दोन पिकअप १९६१ च्या सुमारास मानेकडे जवळजवळ बसवलेले असत. नंतर त्यातला एक घोडीकडे सरकला. अमेरिकन वाद्यांत आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर एक आकडा कोरलेला असतो. त्यावरून तो भाग कोणी, कोणत्या साली, कितव्या आठवड्यात बनवला ते कळते. मात्र त्यावरून एवढेच ठरते की, वाद्य त्या तारखेच्या आधीचे नाही. कागद १८२० चा असला तरी मजकूर त्यावर दहा वर्षांनी उतरलेला असू शकतो, त्यातला हा प्रकार. शिवाय तो भाग मागाहून बदललेलाही असू शकतो. अनुक्रमांकावरही भिस्त ठेवू नये. गिब्सनने १९६० नंतरच्या दशकात एकच क्रमांक निरनिराळ्या वर्षी पुन्हा वापरले आहेत.

आता त्या माळ्याकडे वळू. १९६१ साली हांबुर्ग शहरात पॉल मॅकार्टनी नावाच्या एका अननुभवी तरुणाने सुमारे तीस पौंडांना हॉफ्नरची ५००/१ विकत घेतली. फेंडर त्याच्या खिशाला परवडण्यासारखी नव्हती. शिवाय तो डावखुरा, आणि हा दोन्ही बाजूंनी सारखा घाट डावीकडून धरला तरी बेढब दिसत नाही. १९६२ साली बीटल्सची पहिली तबकडी निघाली, तिच्यातला खर्ज या वाद्याचा. पुढे त्याने दुसरी हॉफ्नर घेतली आणि पहिली मागे पडली. १९६४ साली तिची डागडुजी झाली: साऱ्या अंगाला नवा गडद रंग दिला गेला आणि दोन्ही पिकअप एकाच लाकडी चौकटीत बसवले गेले. नंतर ती नाहीशी झाली.

कित्येक वर्षे समजूत अशी होती की, ती १९६९ साली चोरीस गेली. २०१८ साली हॉफ्नरच्या एका जाणकाराने शोध सुरू केला आणि २०२३ साली दोघे पत्रकार त्याला येऊन मिळाले. तेव्हा पूर्वीच्या एका ध्वनितंत्रज्ञाने सांगितले की, १९७२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या गाडीतून ती गेली. चोराने ती एका मद्यगृहाच्या मालकाला विकली होती. पुढे ती त्याच्या कुटुंबात राहिली आणि अखेर दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी एका घराच्या माळ्यावर सापडली. हॉफ्नरने ती पारखून खरी ठरवली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ती मालकाकडे परतल्याचे जाहीर झाले.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढेच आहे. जुन्या वाद्यांच्या बाजारात नवा रंग म्हणजे कलंक. मूळ रंग गेला की किंमत निम्म्यावर आली, असा तिथला ढोबळ हिशेब. भाग बदलले की ती आणखी खाली. या नियमाने मॅकार्टनीचे वाद्य एक बिघडवलेली ५००/१ ठरते, आणि साठीतली न बिघडलेली ५००/१ काही हजार डॉलरला मिळते. पण शोधकर्त्यांनी जगापुढे ठेवलेल्या खुणा होत्या त्या याच डागडुजीच्या: तो गडद रंग आणि ती हाताने केलेली लाकडी चौकट. तशी दुसरी नव्हती. १९६९ च्या जानेवारीतल्या चित्रफितीत ती तशीच दिसते. लेखनिकाच्या एखाद्या चुकीवरून पोथीचे घराणे लागावे, तसेच हे झाले. वृत्तपत्रांनी तिची किंमत एक कोटी पौंडांपर्यंत नेली.

हा आकडा लाकडाचा नाही, हे उघड आहे. त्याच कारखान्यात, त्याच वर्षी घडलेल्या तिच्या बहिणींचे लाकडही तेच. अधिकची किंमत आहे ती पुराव्याच्या साखळीची: कोणी घेतले, कुठे वाजले, कोणी दुरुस्त केले, कोणाच्या घरी राहिले. यातली एक कडी तुटली असती तर माळ्यावरची ती वस्तू बिनतारांची जुनी गिटार म्हणून भंगारात गेली असती. आता थोडी दुरुस्ती होऊन २०२४ च्या डिसेंबरात लंडनच्या रंगमंचावर मॅकार्टनीने ती पुन्हा वाजवली. तेव्हा त्याचे वय ८२ होते.

म्हणून वाचकहो, माळ्यावरून एखादे वाद्य खाली आले, मग ते व्हायोलिन असो, पायपेटी असो की मिरजेचा तंबोरा, तर लगेच पॉलिशवाल्याला बोलावू नका. धूळ मऊ फडक्याने टिपा, आतली चिठ्ठी खरवडू नका, सुटलेली खुंटी फेकू नका, आणि वाद्याबरोबर त्याची पेटीही जपा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हे कोणी, कुठून, कधी आणले, आणि त्यावर कोण काय वाजवत असे? ते सांगतील ते तारखेसह कागदावर लिहा आणि पेटीत ठेवून द्या. वाद्य पुढच्या दिवाळीलाही तिथेच असेल; सांगणारे माणूस असेलच असे नाही.