चांगले ते आपोआप टिकते काय?

गेल्या सहामाहीत आम्ही वर्गास ‘आमच्या आजी-आजोबांनी पाहिलेला चित्रपट’ हा विषय निबंधासाठी दिला होता. कंग्राळीच्या घराघरांतून आठवणी निघाल्या. कोणी जत्रेतील तंबूत जमिनीवर बसून चित्रपट पाहिला होता, तर कोणी बेळगावापर्यंत पायी जाऊन. निबंध वाचून संपल्यावर एका मुलीने आम्हांसच विचारले, “सर, तुमच्या भाषेतला पहिला चित्रपट कोणता?”

आमची मातृभाषा कोंकणी. आम्ही सांगितले, आल जेरी ब्रागांझा यांचा ‘मोगाचो आंवडो’. तो २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झाला. “मग दाखवा की, सर!” मुले म्हणाली. दाखवावा कोठून? त्याची संपूर्ण प्रत आज पाहावयास मिळत नाही. २४ एप्रिल हा कोंकणी चित्रपट दिन म्हणून पाळला जातो. परंतु ज्या चित्रपटामुळे तो दिवस आला, तोच हरवला आहे.

‘चांगले ते आपोआप टिकते’ असे आपण सहज म्हणतो. आमच्या मते ही समजूत खोटी आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा चित्रपटाच्या इतिहासात मानाने उल्लेखिली जाते. पण तो मूकपट आज उपलब्ध नाही. चांगुलपणाने त्याला वाचविले नाही. जुन्या काळची फिल्म चटकन पेट घेई. नंतरची फिल्म उष्णतेने व दमटपणाने कुजते आणि तिला शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागतो. शिवाय कित्येक रिळे त्यांतील चांदीसाठी विकली गेली. टिकले ते, जे कोणीतरी जपले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तेथे पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून रिळे गोळा केली. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज दिसतात, त्यांचे बरेचसे श्रेय त्यांच्या परिश्रमांस आहे.

मोठ्या कंपनीच्या चित्रपटास निदान मालक तरी असतो. थोड्या पैशांत, स्वतंत्र बुद्धीने काढलेल्या चित्रपटाला पुढे कोणी वाली उरत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून १९७६ साली विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट केला. पुढे तो विस्मृतीत गेला. त्याची एक प्रत बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत राहिली होती; तिच्यावरून २०१४ साली नवी प्रत तयार झाली आणि चित्रपट पुन्हा लोकांसमोर आला. मराठी चित्रपट सापडावा जर्मनीत, याचा आनंद मानावा की खंत?

कोणी म्हणेल, गावापुढे इतके प्रश्न असता जुन्या रिळांवर खर्च कशाला? त्यांस आम्ही ‘मंथन’चे उदाहरण देऊ. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट १९७६ साली निघाला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो दुरुस्त केला आणि २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. गिरीश कासरवळ्ळी यांचा १९७७ चा कन्नड चित्रपट ‘घटश्राद्ध’ही त्याच वर्षी नव्या रूपात व्हेनिसला दाखविला गेला. आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या भाषेचा हा ठेवा वाचला, याचा आपणांसही आनंद व्हावा.

सीमाभागातील आपण मंडळी भाषा टिकावी म्हणून सभा भरवितो, मोर्चे काढतो. ते योग्यच आहे. परंतु आपल्या माणसांचे बोलणे, चालणे, हसणे ज्यांत साठले आहे ती रिळे कुजत असताना आपण स्वस्थ बसलो, तर त्या घोषणांना काय अर्थ?

म्हणून आमची दोन मागणी आहेत. कोणाच्या माळ्यावर वा ट्रंकेत जुने रीळ असेल, तर ते रद्दीवाल्यास देऊ नये. कोरड्या, थंड जागी ठेवून पुण्याच्या संग्रहालयास कळवावे. आणि आपल्या शाळेने, रीतसर परवानगी घेऊन, दरवर्षी एक विस्मृत चित्रपट पालकांसह सर्वांस दाखवावा. एके वर्षी मराठी, एके वर्षी कन्नड, एके वर्षी कोंकणी. कपाटात जपलेला चित्रपट कोणी पाहिलाच नाही, तर तो पुन्हा विस्मृतीतच जाणार.

‘मोगाचो आंवडो’ आम्ही तुम्हांस दाखवू शकलो नाही. उद्या तुमच्या मुलांनी असाच हट्ट धरला, तर तुमच्यावर तरी ही पाळी येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.