भरलेली माणकी घरीच करावी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबात नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर जेवणाचा आग्रह झाला. थोरल्या मुलाने हौसेने शहरातील एका हॉटेलातून भरलेली माणकी मागवली होती. आत कोळंबी आणि चीज, वर तेलाचा तवंग. खाणारे आम्ही सहाजण, माणकी चार. घरच्या आजींच्या तोंडात दात मोजकेच. त्यांनी एक तुकडा पुष्कळ वेळ घोळवला आणि शेवटी पदराआड हळूच काढून ठेवला. आम्ही पाहिले हे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा हसून म्हणाल्या, "फादर, आमच्या आईची माणकी ओठांनी तुटायची."

हे एक वाक्य आजच्या लेखाला कारण झाले आहे. शेतीचे आणि आरोग्याचे हे पान. त्यात माणक्याचे काय, असे कोणी विचारील. पण जे पदार्थ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खाता येत नाहीत, ज्यांवर आठवड्याचा बाजार खर्ची पडतो आणि जे घरी करणे आपण विसरत चाललो आहोत, त्यांचा विचार याच पानावर व्हायला हवा.

गोव्यात ज्याला माणके म्हणतात त्यालाच मालवणकडे माकूळ हे नाव आहे. मासा म्हणून आपण ते विकत घेतो. पण ते मासा नव्हे, शिंपल्या-कालवांच्या नात्यातला मऊ अंगाचा प्राणी आहे. त्याला आठ आखूड पाय आणि दोन लांब सोंडा असतात. पाठीत हाड नसते. पारदर्शक पातळ पाते तेवढे असते. आत पांढरे, खडूसारखे कवच निघाले तर ते माणके नव्हे, त्याचा जाड अंगाचा भाऊबंद समजावा. ते कवच म्हणजे औषधी दुकानातला समुद्रफेन.

आमचे स्पष्ट मत असे की, भरलेली माणकी हा मुळात काटकसरीचा पदार्थ आहे. माणक्याचे अंग म्हणजे देवाने शिवून दिलेली पिशवीच. त्या पिशवीत त्याचेच पाय बारीक चिरून, कांदा, खोबरे आणि मूठभर भात घालून भरले की थोड्या माशात मोठे कुटुंब जेवते. पोर्तुगालमध्येही ही पिशवी तिच्याच पायांनी, कांद्याने, डुकराच्या खारवलेल्या मांसाने आणि कधी भाताने भरतात. गोव्यातील रेशाद मसाल्याचे नावही भरण्याच्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. आपल्या भागातील अनेक घराणी गोव्यातून घाट चढून आली, त्यांनी ही रीत बरोबर आणली. तिच्यात महागडी कोळंबी आणि चीज घालणे हा अलीकडचा थाट आहे. त्याने चव वाढत असेल, पण पदार्थाचा हेतू हरवतो.

आता खरेदीविषयी. गोव्याचा मासा चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढून आपल्या बाजारात येतो. प्रवास काही तासांचा असतो. म्हणून बर्फाशिवाय ठेवलेले माणके घेऊ नये. ताजे माणके चकचकीत असते, त्याच्या कातडीवर तांबूस-जांभळे ठिपके स्पष्ट दिसतात, मांस पांढरे व घट्ट लागते. मांसात गुलाबी झाक उतरली असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल तर ते सोडून द्यावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माणकी बहुतेक याच होड्यांच्या जाळ्यांत येतात. तेव्हा त्या दिवसांत कोणी 'आजचे ताजे' म्हणून माणके दाखवले तर दोनदा विचार करावा. गोठवलेले माणके वाईट नसते. मात्र एकदा बर्फ सुटल्यावर ते पुन्हा गोठवू नये.

किलोत दहाबारा येतील अशी मध्यम माणकी भरण्यास बरी. डोके धरून हलक्या हाताने ओढावे, म्हणजे आतडी त्याबरोबर बाहेर येतात. शाईची पिशवी फुटली तर घाबरू नये, पाण्याने धुऊन निघते. मग आतले पाते ओढून काढावे, कातडी सोलावी आणि पिशवी आतून बोट फिरवून धुवावी. डोळ्यांच्या पुढे सुरी लावून पाय वेगळे करावेत. पायांच्या मधोमध चोचीसारखा कठीण भाग असतो, तो दाबून काढावा. पाय टाकू नयेत. भरण्याची खरी चव त्यांतच आहे. आतडी व कातडी परसात उघड्यावर फेकू नये, कुत्री आणि माश्या जमतात. केळीच्या किंवा माडाच्या बुंध्यापासून थोडे दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरून वर माती व पालापाचोळा टाकावा. समुद्राने दिलेले उरलेसुरले आपल्या मातीला मिळते.

एक किलो माणक्यांना दोन मोठे कांदे, एक टोमॅटो, आले-लसूण, दोन हिरव्या मिरच्या, अर्ध्या नारळाचे खोबरे, कोथिंबीर आणि मूठभर मोकळा भात पुरे. भात त्याच दिवशीचा असावा. रात्रभर उघड्यावर राहिलेला घेऊ नये. कांदा थोड्या तेलावर परतून त्यात चिरलेले पाय, हळद, तिखट, मीठ घालावे आणि पाणी आटेपर्यंत शिजवावे. शेवटी खोबरे, भात आणि चमचाभर माडाचा शिर्का घालावा. शिर्का नसेल तर दोन आमसुले चालतात. मिश्रण निवल्यावर पिशव्या दोन तृतीयांशच भराव्यात. शिजताना माणके आक्रसते. गच्च भरले तर फुटते. तोंड माडाच्या नव्या, स्वच्छ धुतलेल्या हिराच्या काडीने टाचावे. काड्या किती लावल्या ते मोजून ठेवावे आणि वाढण्यापूर्वी तितक्याच काढाव्यात. घरात मुले असतात, हे विसरू नये.

आता आजींच्या वाक्याकडे येतो. माणक्याचे मांस एक तर दोन-तीन मिनिटांत शिजवावे, नाही तर पाऊण तास. अधल्यामधल्या वेळी ते रबरासारखे होते. कारण असे की, थोड्या आचेने मांस जेमतेम आखडते आणि मऊ राहते. आच चालू राहिली की ते आवळून आतले पाणी पिळून टाकते व चिवट बनते. मंद आचेवर आणखी अर्धा तास गेला म्हणजे त्यातले चिवट धागे विरघळतात आणि मांस पुन्हा मऊ होते. भरलेले माणके दोन मिनिटांत आतपर्यंत तापत नाही. म्हणून त्याला दुसरीच वाट योग्य. कांदा-खोबऱ्याच्या पातळ रश्शात माणकी एका थरात मांडून, झाकण ठेवून, चुलीच्या निखाऱ्यांवर किंवा गॅसच्या अगदी मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे ठेवावीत. मध्ये एकदाच उलटावीत.

हे आम्ही करून पाहिले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवतात, माणकी शिजवायला शिकवत नाहीत! पहिल्या खेपेस पंधरा मिनिटांनी पातेले उतरवले, तेव्हा आमच्या ताटात वहाणेचा तळ वाढला होता. दुसऱ्या खेपेस आजींना विचारून धीर धरला आणि काटा टेकताच तुकडा पडला.

आरोग्याच्या दृष्टीने शंभर ग्रॅम कच्च्या माणक्यात सुमारे पंधरा ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी दीड-दोन ग्रॅमच. तेलात पोहणारे माणके हा लाभ घालवून बसते. मात्र त्यात कोलेस्टेरॉल बरेच, म्हणजे शंभर ग्रॅममागे सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या पुढे असते. हृदयविकार किंवा युरिक ऍसिडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, बेतानेच खावे. शिंपल्या-कालवांनी ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा घसा सुजतो त्यांनी हे टाळावे. आणखी एक गोष्ट : आदल्या रात्री माणकी भरून ठेवून सकाळी शिजवू नयेत. शिजवलेले उरले तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल तर शेजारी वाटून टाकावे.

उपवासकाळातील शुक्रवारविषयी थोडे लिहिणे आम्हांला भाग आहे. त्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालतात, म्हणून कोळंबी भरलेल्या महाग माणक्यांचे ताट मांडणाऱ्याने नियमाचे अक्षर पाळले असे म्हणता येईल. परंतु त्या दिवशी साधे जेवावे आणि वाचलेल्यातून भुकेल्याला द्यावे, हा त्यामागचा आशय. घरच्या भाताने भरलेले एक माणके त्यात बसते. हॉटेलचे पार्सल बसत नाही, असे आम्हांला वाटते.

कोणी म्हणेल, घरी एवढा उपद्व्याप कोण करणार? ही तक्रार बहुतेक आमच्या माताभगिनींची असते आणि ती खरी आहे. सोलणे, चिरणे, भरणे एकट्या बाईवर टाकून पुरुषांनी ओसरीवर गप्पा मारल्या तर कोणताही पदार्थ उपद्व्यापच होईल. मुलांनी पाते ओढावे, बाप्यांनी कातडी सोलावी आणि काड्या टाचाव्यात. तासाभराचे काम अर्ध्या तासात होते. जे हात शेतात नांगर आणि विळा धरतात, त्यांना माणके जड नाही.

ख्रिस्तजन्माच्या सणानंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी थोरल्या मुलाने स्वतः माणकी साफ केली होती, सुनेने भरली होती आणि आजी चुलीपाशी पाटावर बसून आचेवर लक्ष ठेवून होत्या. जेवताना त्यांनी पदर तोंडाशी नेला नाही. एक खाऊन झाल्यावर त्यांनी ताट पुढे केले आणि सुनेला म्हणाल्या, "आणखी अर्धे वाढ गं."