नामपूर ते न्यूयॉर्क : तिकिटावर न दिसणारे तास

समजा, मुंबईहून रात्री दीडला सुटणारे विमान सकाळी आठला न्यूयॉर्कला उतरते. तिकिटावरच्या या वेळा पाहिल्या की प्रवास साडेसहा तासांचाच वाटतो. पण उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. ते तास मिळवले की १६ तास होतात. नातवंडांना भेटायला निघालेल्या आजी-आजोबांनी हा हिशेब आधी करावा.

या दोन शहरांतील सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे न जाता पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड असा उत्तरेकडून वळून जातो. प्रत्यक्षात विमानाला हा मार्ग क्वचितच मिळतो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली आणि ही बंदी पुढे महिन्या-महिन्याने वाढत गेली. मुंबईची विमाने समुद्रावरून निघत असल्याने त्यांना झळ कमी बसली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मात्र इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. युक्रेन युद्धामुळे २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचे आकाशही बंद आहे. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे जाताना विमान वाऱ्याशी झगडते आणि येताना तेच अंतर दीड-दोन तास लवकर कापते.

शरीराचे घड्याळ मात्र मुंबईत सुरू होत नाही, ते नामपूरलाच सुरू होते. नाशिकमार्गे मुंबईपर्यंत गाडीत पाच-सहा तास, विमानतळावर तीन तास, मग विमानात सोळा. म्हणजे जवळजवळ पंचवीस तास बहुतेक बसूनच. पोटरीचे स्नायू हलले नाहीत की पायातले रक्त वर चढायला मंदावते आणि शिरेत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो. आधी गुठळी झालेल्यांना, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना, कर्करोगाच्या रुग्णांना आणि गर्भवतींना तो जास्त असतो. त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. कुणी सांगितले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये.

बाकीच्यांनी वाटेत चांदवडला किंवा नाशिकला उतरून चालावे, विमानात घोटे फिरवावेत आणि दर तास-दोन तासांनी उठावे. स्वच्छतागृहाला जावे लागेल म्हणून पाणी टाळण्याची आपल्याकडच्या ज्येष्ठांची सवय इथे नडते. विमानातली हवा फार कोरडी असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या वेळांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा अचानक धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठावे आणि विमानप्रवास केल्याचे न विसरता सांगावे.