धाव कुठे चमकते?

मंडळी, आज थोडं चांदीविषयी. सोनाराकडची नव्हे हो, रंगाच्या डबीतली!

माझा वीकेंडचा उद्योग म्हणजे छोटी मॉडेल्स करणं. आठवडाभर दुसऱ्याच्या कोडमधले बग काढायचे आणि शनिवारी स्वतःच्या हातानं काहीतरी डोळ्यांना दिसणारं करायचं, एवढाच हिशोब. तर यंदा ठरवलं, विमान नको, रणगाडा नको. आपली बैलगाडी करायची. जगात जर्मनी, भारतात परभणी! मग मॉडेलही परभणीचंच. आमचं गाव जिंतूर तालुक्यात. गाडी गोठ्यामागे अजून उभी आहे, बैलजोडी मात्र विकून बरीच वर्षं झाली. आता शेतात ट्रॅक्टर येतो आणि श्रावणी अमावस्येला, म्हणजे पोळ्याला, आमच्याकडे मातीचे बैल पुजतात.

स्केल घेतलं १:२४. साडेचार फुटांचं चाक झालं जेमतेम पावणेसहा सेंटिमीटरचं आणि त्यावरची दोन इंची लोखंडी धाव उरली २ मिलिमीटर. आरे, तुंबा, जू सगळं मनासारखं जमलं. शेवटी धावेला झकास चांदीचा रंग फासला आणि पोळ्याला घरी घेऊन गेलो.

दादांनी (आम्ही वडलांना दादा म्हणतो) गाडी तळहातावर घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "चांगली झाली रे. पण ही कुठं गेलीच नाही वाटतं? नवीच दिसायली."

झालं! दोन महिन्यांची मेहनत एका वाक्यात खलास. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. चालत्या गाडीची धाव सगळीकडून चमकत नाही. कडेनं ती काळपट, तांबूस असते. चमकतो फक्त रस्त्याला टेकणारा पट्टा, कारण तो रोज खडीवर घासतो. गोठ्यामागे जाऊन पाहिलं, तर तिथल्या धावेवर आता तो पट्टाही नाही. पूर्ण गंज! म्हणजे चालत्या गाडीची धाव कशी दिसायची हे आता फक्त दादांच्या डोळ्यांत शिल्लक आहे. मी ते चुकीचं रंगवलं, तर माझ्या भाच्यासाठी तेच खरं होणार.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. मॉडेलवर चांदीचा रंग 'लोखंड दाखवायला' लावायचाच नसतो. लोखंड दाखवायला काळा आणि तपकिरी. चांदी लावायची ती फक्त जिथं घासलं गेलंय तिथं.

आता जरा इंजिनिअरिंग! चांदीच्या रंगात चांदी नसते. बहुतेकदा ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे असतात, माशाच्या खवल्यांसारखे. ते रंगात आडवे पसरले की उजेड परतवतात आणि आपल्याला धातूचा भास होतो. हार्डवेअरच्या दुकानात गेट-ग्रिलसाठी मिळतो त्या रंगातल्या पापुद्र्यांना बहुधा स्टिअरिक आम्लाचा लेप असतो, म्हणून ते तरंगत वर येतात. चमक दणदणीत, पण हात लावला की बोटाला चांदी! शिवाय पापुद्रे जाड. समजा एक कण ५० मायक्रॉनचा आहे. १:२४ मध्ये तो खऱ्या गाडीवरच्या सव्वा मिलिमीटरच्या टिकलीएवढा झाला. टिकल्या लावलेली धाव पाहिलीय का कुणी?

दुसरा पर्याय स्टेशनरीतले मोतिया ॲक्रिलिक रंग. यात पुष्कळदा अभ्रकाचे कण असतात, त्यामुळे झाक मोत्याची येते. पणतीवर छान दिसतात, लोखंडावर नाही.

तिसरा म्हणजे खास मॉडेलचे रंग. तामियाचा एक्स-११ क्रोम सिल्व्हर चकचकीत आहे, तर एक्सएफ-१६ फ्लॅट ॲल्युमिनियम मंद. व्हॅलेहोच्या मेटल कलर मालिकेतले कण खूप बारीक असतात. सिटाडेलचा लेडबेल्चर मुळातच काळपट पोलादी, धावेला अगदी जवळचा. महाग वाटतात खरे, पण २ मिलिमीटरच्या पट्ट्याला रंग लागतो किती? एक बाटली वर्षानुवर्षं पुरते. फक्त पापुद्रे तळाशी बसतात, तेव्हा दर वेळी नीट हलवून घ्या. आणि वरून मॅट वॉर्निश मारू नका, सगळी चमक राखाडी होते.

खिशाला हेही नको असेल, तर सरळ ६बी पेन्सिल घ्या! मी शेवटी हेच केलं. धाव आधी काळी केली, कडांना तपकिरी लावला आणि टेकणाऱ्या पट्ट्यावर पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळलं. ग्रॅफाइटची झाक हुबेहूब घासलेल्या लोखंडाची!

कुणी म्हणेल, अरे खेळणंच आहे ते, चमकू दे की सगळं. चमकू दे ना, पण योग्य जागी! बैल मी लाल कंधारी रंगवलेत. त्यांच्या शिंगांना बेगड आहे, पितळी शेंब्या आहेत. ती चमक सणाची, मुद्दाम लावलेली, आणि तिथं मी हात आखडता घेतलेला नाही. धावेची चमक मात्र कामाची. ती ज्यानं गाडी हाकली त्यानं कमावलेली असते. दोन्हींना एकाच डबीतला रंग फासला, तर वर्षभर राबणं आणि एक दिवस नटणं यातला फरकच पुसला जातो. सगळंच चमकवण्याची ही सवय आपल्या प्रेझेंटेशनांतून आली असावी असा माझा दाट संशय आहे!

असो. दुरुस्त केलेली गाडी परवा दादांना दाखवली. त्यांनी बोटानं चाक फिरवलं, पट्ट्यावर नख घासून पाहिलं. आता शाबासकी मिळणार म्हणून मी उभा, तर म्हणाले, "आसाची खीळ कुठाय? चाक निघून जाईल ना बाबा."

तर या शनिवारी खीळ करायला बसतोय. तिची चाकाकडची बाजूसुद्धा घासून चकचकीत होते म्हणे. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.